आणखी एकदा गॅरेजला

"गुरुजी, रेडिएटर बदलला, वॉटर पंप बदलला, थर्मोस्टॅट बदलला. आता काय बदलायचं ठेवलंय तुम्ही?"

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या गॅरेजच्या दारात मिस्त्रींनी विचारलं, तेव्हा निवृत्त शिक्षकांच्या हातात बिलांची जाडजूड पिशवी होती. गाडी सोळा वर्षांची, छोटी, पेट्रोलवरची. गावात काही त्रास नाही. आंबा घाट लागला की मात्र तापमानाचा काटा चढायचा. गाडी कडेला घ्यायची, अर्धा तास थांबायचं, मग पुन्हा निघायचं. सुनेनं स्पष्ट सांगितलं होतं, मुलांना घेऊन या गाडीतून रत्नागिरीला जायचं नाही. मुलानं पुण्याहून शोरूमचं कोटेशन पाठवलं होतं. गुरुजींना एका वाक्यात उत्तर हवं होतं : ठेवू, की काढू?

'टिकवणं' हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा मला हाच प्रश्न आठवला. मराठी मध्यमवर्गातल्या किती घरांत रात्रीच्या जेवणानंतर तो निघतो आणि तसाच राहतो! मी कोल्हापूर ते रत्नागिरी हा पट्टा निवडला. वर लोखंड ओतणारं आणि कातणारं शहर, खाली लोखंड खाणारी खारी हवा, आणि मध्ये गाडीची परीक्षा घेणारा घाट. दोन्ही टोकांच्या गॅरेजांत बसून माणसं काय ठरवतात आणि कशाच्या आधारावर ठरवतात, ते पाहायचं होतं.

दोष सापडला का?

मिस्त्रींनी गुरुजींना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि गाडी पूर्ण थंड होईपर्यंत बॉनेटला हात लावला नाही. मग रेडिएटरची कॅप काढून उलटी केली. आतला रबराचा गोल वॉशर कडक झाला होता. नखानं दाबल्यावर त्याला बारीक भेग दिसली. हातपंपासारखं दिसणारं एक यंत्र त्यांनी रेडिएटरच्या तोंडाला लावलं, हवा भरली, काटा बघत राहिले. काटा हलला नाही. म्हणजे होज, रेडिएटर, पंप कुठेच गळती नाही. मग त्याच यंत्राला कॅप जोडली. काटा वर गेला आणि लगेच खाली बसला.

साधं पाणी शंभर अंशांना उकळतं. गाडीतलं कूलंट त्याच्याही पुढे टिकावं म्हणून सगळी यंत्रणा बंद ठेवून दाबाखाली चालवतात, आणि हा दाब धरून ठेवण्याचं काम त्या छोट्या कॅपचं. बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार दाब जास्त राहिला तर पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. कॅपनं दाब सोडला की चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, भर उन्हात कूलंट उकळायला लागतं, बाहेर पडतं, आणि उरलेलं कमी पडतं. सपाटीला हे कळतच नाही. गुरुजींच्या गाडीत आधी बदललेले तिन्ही भाग कदाचित चांगलेच होते. त्यांची चाचणी कुणी केली नव्हती. कॅपची किंमत दोन-अडीचशे रुपये.

मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. इतक्या वेळा तापलेल्या इंजिनाचं हेड वाकलेलं असू शकतं, हेड गॅसकेट गेलेली असू शकते. त्यांनी चारही प्लग काढले, एकेका सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावून सेल्फ मारायला लावला. तीन सिलिंडर १६५च्या आसपास, एक १५०. फरक दहा टक्क्यांच्या आत. कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तर आकडा थोडा वर आला. ऑइल टाकल्यावर कॉम्प्रेशन वाढलं तर रिंगा झिजल्यात. जसंच्या तसं राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेटकडे बघायचं. "रिंगा थोड्या उतरल्यात. वयच आहे की. अजून दोन-तीन वर्षं हात लावायचं कारण नाही," मिस्त्री म्हणाले.

या दोन तासांत मला जे दिसलं ते पुढे प्रत्येक गॅरेजमध्ये पुन्हा दिसत गेलं. आपण जिला बेभरवशाची म्हणतो, ती बहुतेक वेळा दोष न सापडलेली गाडी असते. दर वेळी अंदाजानं एक पार्ट बदलायचा, बिल भरायचं, गाडी पुन्हा बंद पडली की गाडीला दोष द्यायचा. पैसे खर्च होतात ते दुरुस्तीवर नव्हे, अंदाजावर. म्हणून ठेवू की काढू या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तो विचारायला लोक संकोचतात : दोष नेमका काय आहे, आणि तो तुम्ही कसा ओळखलात? ज्या मिस्त्रीला याचं उत्तर गेज दाखवून, पार्ट हातात देऊन देता येतं, त्याच्या सल्ल्यावर निर्णय घ्यावा. "हे बदलून बघू" म्हणणाऱ्याच्या सल्ल्यावर गाडी ठेवूही नये आणि विकूही नये.

लेथवर

लोकांना सगळ्यात जास्त धडकी भरते ती 'इंजिन उतरवावं लागेल' या वाक्यानं. उद्यमनगरात त्या वाक्याची भीती बरीच कमी होते. हा भागच इंजिनं दुरुस्त करत मोठा झाला. नदीचं पाणी उसाला देणारे ऑइल इंजिनांचे पंप बिघडायचे, सुटे भाग लांबून यायचे, मग ते इथेच ओतायला आणि कातायला सुरुवात झाली. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांच्या परंपरेतून फौंड्री आणि मशीन शॉप उभी राहिली. दुरुस्ती करता करता एका शहराला कारखानदारी आली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

एका बोरिंगवाल्याकडे ब्लॉक आला होता. जीप प्रकारातल्या जुन्या डिझेल गाडीचा. त्यांनी सिलिंडरमध्ये डायल गेज सोडलं. वर, मध्ये, खाली. आधी उभं, मग आडवं. पिस्टन एकाच बाजूला रेटला जात असल्यानं सिलिंडर गोल न राहता किंचित लांबट होतो, आणि वरच्या टोकाशी सगळ्यात जास्त झिजतो. पाटीवर खडूनं आकडे लिहिले. पाव मिलिमीटर वाढवून बोअर केला आणि त्या मापाचे ओव्हरसाइझ पिस्टन टाकले की काम झालं. त्यानंही भागलं नाही तर पुढचं माप, आणि शेवटी स्लीव्ह ठोकून मूळ मापावर परत.

झीज मोजता येते, म्हणून ती दुरुस्त होते. बिल मोठं असतं, पण काम नीट झालं तर निकालाची खात्री असते. क्लच प्लेट, शॉकअब्सॉर्बर, टायर, बॅटरी, टायमिंग बेल्ट यांचंही तेच. हे भाग संपण्यासाठीच केलेले असतात. ते संपले म्हणून गाडी खराब झाली असं नव्हे. उलट टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला, तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि काही हजारांचं काम हेडपर्यंत जातं.

बोरिंगवाल्यांनी एक अडचणही सांगितली. काही नव्या इंजिनांचे ब्लॉक अल्युमिनियमचे, भिंती पातळ, आणि ओव्हरसाइझ पिस्टन बाजारात येतच नाहीत. तिथे हातात कसब असून उपयोग नाही. आख्खा ब्लॉक बदलायचा. असं काम ते स्वतःहून परत पाठवतात.

समुद्राकाठचा पत्रा

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बाजूला एका गॅरेजमध्ये बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई आल्या होत्या. गाडी अकरा वर्षांची, पण चाललेली जेमतेम साठ हजार किलोमीटर. एसी थंडगार, इंजिनचा आवाज इतका मऊ की बॉनेटवर हात ठेवून खात्री करावी. खड्ड्यातून जाताना पुढून 'खट्' असा आवाज येतो, एवढीच तक्रार.

मेकॅनिकनं चाक काढलं, आतला चिखल पाण्यानं धुतला आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकाच्या वरच्या पत्र्याला लावलं. जोर न देता ते आत गेलं. मग दाराखालच्या पट्टीला टोचलं. तिथेही आत. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर ओला फोम, आणि त्याखाली तपकिरी पापुद्रे. बाहेरून रंग चकचकीत होता. त्यानं खिशातून छोटं लोहचुंबक काढून दारावरून फिरवलं. वर ते घट्ट बसत होतं, खालच्या बाजूला गळून पडत होतं. तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली होती.

"इंजिन एक नंबर आहे, ताई. पण ज्या पत्र्यानं सस्पेन्शन धरलंय, तोच राहिला नाही."

ताईंनी वेल्डिंगचं विचारलं. मेकॅनिकनं नकारार्थी मान हलवली. ठिगळ लावायचं तर भोवतालचं कापड तरी धड पाहिजे. इथे वेल्डिंगची ज्योत लागली की बाजूचा पत्राही विरघळत जाणार.

हे समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण हाच दोष जिवाशी गाठ घालतो आणि हाच दिसत नाही. जुन्या जीपला खाली जाड लोखंडी चासी असते, वरची बॉडी वेगळी. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना अशी वेगळी चासी नसते. वाकवून जोडलेल्या पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते. धडक बसली तर दाराखालच्या पट्ट्या, खांब आणि पुढचे लांब पत्रे ठरलेल्या पद्धतीनं दबून आतल्या माणसांना वाचवतात. ते पोकळ झाले तर सीटबेल्ट आणि एअरबॅग ज्याच्या जोरावर काम करतात तो आधारच उरत नाही. गंज सुरू होतो पत्र्याच्या दुमडीत, जिथे ओल साचते. दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. पानं आणि मातीनं ती बुजली की दार आतून सडतं. खारी हवा आणि कोकणचा पाऊस हे काम झपाट्यानं उरकतात. कमी चाललेली, दाराशी उभी असलेली गाडीही यातून सुटत नाही, हे ताईंच्या गाडीनं दाखवलं.

म्हणून कुठलंही मोठं काम काढण्यापूर्वी गाडी उचलून खालून बघायला सांगा. घाटमाथ्यावरच्या थकलेल्या इंजिनाच्या धड गाडीवर मी खर्च करीन. किनाऱ्यावरच्या उत्तम इंजिनाच्या सडलेल्या गाडीवर एक रुपयाही करणार नाही, आणि ती दुसऱ्याला विकण्याचा सल्लाही कुणाला देणार नाही.

कुठल्या आकड्याशी तुलना?

घरोघरी हिशेब असा होतो : गाडीची किंमत सत्तर हजार, बिल चाळीस हजार, म्हणजे वेडेपणा. हा हिशेब विमा कंपनीचा आहे. अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते. कंपनीच्या दृष्टीनं गाडी म्हणजे एक रक्कम. मालकासाठी गाडी म्हणजे पुढच्या दोन-तीन वर्षांचं येणं-जाणं. त्यानं चाळीस हजारांची तुलना सत्तर हजारांशी का करावी? ती करायची पुढच्या गाडीच्या खर्चाशी.

सहा लाखांचं कर्ज, पाच वर्षं, नऊ टक्के व्याज. महिन्याचा हप्ता सुमारे १२,४५० रुपये, वर्षाचे जवळपास दीड लाख. पाच वर्षांत निव्वळ व्याजच दीड लाखाच्या घरात. शिवाय नव्या गाडीची किंमत विम्याच्या कोष्टकातच पहिल्या वर्षी १५ ते २० टक्के उतरते आणि पाचव्या वर्षाच्या अखेरीस निम्मी धरली जाते. सप्टेंबर २०२५मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे शोरूमची वाट सोपी झाली हे खरं. पण त्याच वेळी सुट्या भागांवरचा करही १८ टक्क्यांवर आला, हे जाहिरातींत फारसं दिसलं नाही.

तरी या हिशेबात एक रकाना असा आहे जो रुपयांत भरता येत नाही. शाहूवाडी तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्यानं मिस्त्रींचा सल्ला डावलून गाडी विकली. गाडीत वायरिंगचा बारीक दोष होता, दोन दिवस दिले असते तर सापडला असता. पण त्याच्या आईला आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी कोल्हापूरला न्यावं लागतं. त्याला ते दोन दिवस देता येत नव्हते, आणि 'बहुतेक आता त्रास देणार नाही' यातला 'बहुतेक' परवडत नव्हता. त्यानं चार वर्षं वापरलेली दुसरी गाडी घेतली. मला त्याचा निर्णय पूर्ण बरोबर वाटतो. गाडी किती भरवशाची हवी हे तिच्यात कोण बसतं आणि ती बंद पडली तर काय अडतं, यावर ठरतं. तीच गाडी गुरुजींना पुरली असती.

एका वडापवाल्याकडे, म्हणजे प्रवासी जीप चालवणाऱ्याकडे, मी वही पाहिली. उजव्या पानावर स्वतः ठरवून केलेली कामं, डाव्या पानावर रस्त्यात पडल्याच्या नोंदी. डावं पान भरायला लागलं की तो गाडी काढतो. उजव्या पानाची बेरीज तो त्यासाठी बघतच नाही. इतकी नेमकी पद्धत मला कुठल्याही शोरूममध्ये ऐकायला मिळाली नाही.

पार्ट मिळेना

चांगला मिस्त्री, धड पत्रा, सापडलेला दोष. तरी गाडी अडते ती पार्टपाशी. मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीपर्यंत बनत राहिली. तिचे भाग आजही तालुक्याच्या दुकानात मिळतात. उलट शेवरोलेची विक्री २०१७च्या अखेरीस भारतात थांबली, तळेगावचा कारखानाही २०२०मध्ये बंद झाला. फोर्डनं २०२१मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. फिल्टर, ब्रेक पॅड यांची अडचण नसते. दाराचं रबर, हेडलाइट, एखादं कंट्रोल युनिट यांसाठी पुण्याची नाना पेठ किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड धुंडाळावा लागतो, आणि तिथे मिळतो तो दुसऱ्या गाडीतून काढलेला पार्ट. त्याची हमी दुकानाच्या पायरीपर्यंत.

इलेक्ट्रिकल दोष सगळ्यात फसवे. गाडी गॅरेजमध्ये नीट चालते आणि पावसात बंद पडते. स्कॅनर लावला की सेन्सरचं नाव येतं, सेन्सर बदलला जातो, दोष मात्र गंजलेल्या अर्थिंगच्या नटात किंवा उंदरानं कुरतडलेल्या वायरीत असतो. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आहे. एप्रिल २०२३पासूनच्या गाड्यांचे भाग त्यासाठी बनवलेले आहेत; आधीच्या गाड्यांत काही रबरी भाग आणि गॅसकेट लवकर बदलाव्या लागू शकतात. जुनी गाडी ठेवणाऱ्यानं फ्युएल होजवर दर सर्व्हिसला हात फिरवावा. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नये.

पासिंग आणि त्यानंतर

पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीचं पासिंग पुन्हा करावं लागतं आणि ते पाच-पाच वर्षांसाठी वाढतं. एप्रिल २०२२पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं. ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते १०,००० करण्यात आलं. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. दिल्ली परिसरात २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी पक्की झाली आणि तो वाद २०२५मध्ये पुन्हा न्यायालयात गेला. आपल्याकडे खासगी गाडीला अशी वयाची अट नाही. मुंबईच्या टॅक्सींना आहे, वीस वर्षांची. तिनंच ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरवली. वयापेक्षा अवस्था बघावी या मताचा मी आहे. पण मग तपासणी खरोखर व्हायला हवी. आरटीओच्या मैदानावर ब्रेक, दिवे, हॉर्न, पीयूसी आणि चासी नंबर बघितला जातो. मॅटिंग उचलून कुणी बघत नाही. रत्नागिरीची ती गाडीही रंगाच्या जोरावर पास झाली असती.

ताईंनी ती मोडीत काढायचं ठरवलं. गावातला भंगारवाला जास्त पैसे देत होता, कारण तो इंजिन आणि एसी वेगळे विकणार. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात कमी मिळतात. धोरणातला अंदाज नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के. पण केंद्र आधी बॅटरी, ऑइल, कूलंट, एसीचा गॅस काढून घेतं, चासी नंबरचा तुकडा कापून ठेवतं आणि ठेव प्रमाणपत्र देतं. त्यावर नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं. रस्ते करात खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे. ते प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं.

भंगारवाल्याला दिलेली गाडी मात्र कागदावर आपलीच राहते. उद्या कुणी ती ठोकठाक करून रस्त्यावर आणली आणि अपघात झाला, तर नोटीस आरसीवरच्या नावाला येते. नोंदणीत ज्याचं नाव तोच भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे. मेकॅनिकनं ताईंना हे समजावून सांगितलं आणि त्या चांगल्या इंजिनावर स्वतः पाणी सोडलं.

जाताना त्यानं त्यांना आणखी दोन कामं लिहून दिली. फास्टॅग बंद करणं, आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घेणं. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर हा बोनस स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर पन्नास टक्के असतो. तो गाडीच्या नव्हे, मालकाच्या नावावर जमा होतो, आणि पत्र हातात असलं तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढच्या गाडीला लावता येतो.